घरी वृद्धसेवा घेणाऱ्या कुटुंबाला खर्च झेपेनासा झाला तर

लातूर, बीड, जालना किंवा परभणी भागात घरी केअरटेकर ठेवणाऱ्या अनेक कुटुंबांना महिन्याचा ठरलेला पगार नसतो. सोयाबीनची पट्टी झाली, कापूस विकला किंवा पुण्यातल्या मुलाने पाठवले, की पैसा हातात येतो. सेवेचे बिल मात्र दर महिन्याला येते. म्हणून बिल थकले की लगेच बुडवेगिरीचा संशय न घेता, ही ओढाताण हंगामापुरती आहे की कायमची, हे सेवा चालवणाऱ्याने आधी समजून घ्यावे.

अडचण कुटुंब सहसा तोंडाने सांगत नाही. ती केअरटेकरला आधी दिसते. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड दिली जाते, एकच डायपर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवला जातो, संपलेले मलम पुन्हा आणले जात नाही. असे काही दिसल्यास ते त्याच दिवशी कार्यालयाला कळवायचे, अशी सूचना केअरटेकरला पहिल्या दिवशीच द्यावी, आणि पैशाची मागणी करण्याचे काम तिच्यावर कधीही सोपवू नये.

बोलणे अंथरुणावरच्या माणसासमोर करू नये. आपल्यामुळे घर कर्जात चालले आहे, हे कानावर पडले की म्हातारी माणसे जेवण आणि औषध कमी करू लागतात, हे या कामातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. जो पैसे देतो त्याला वेगळे गाठून, "दादा, अण्णांची काळजी थांबू द्यायची नाही, महिन्याला किती झेपेल ते मोकळेपणाने सांगा, त्यावरून आपण तास ठरवू," अशी सुरुवात करावी.

अडचण हंगामापुरती असेल तर थोडी रक्कम दरमहा आणि उरलेली माल विकल्यावर, असे ठरवणे सोयीचे असते. ती कायमची असेल तर तास कमी करावे लागतात, आणि खरी कसोटी इथेच असते. चोवीस तासांची सेवा परवडत नसेल तर बारा तासांची, तीही नसेल तर सकाळची दोन तासांची फेरी ठेवता येते. पण फेरीत काय बसवायचे हे पैशावरून न ठरवता रुग्णाच्या गरजेवरून ठरवावे. अंघोळ, पाठीची तपासणी, लघवीच्या नळीची स्वच्छता आणि दिवसभराच्या गोळ्या लावून ठेवणे ही कामे फेरीत राहावीत. कूस दर दोन तासांनी बदलणे आणि नळीतून अन्न देताना व दिल्यानंतर काही वेळ डोक्याकडची बाजू उंच ठेवणे या गोष्टी सुनेला किंवा मुलाला शिकवाव्यात. केवळ तोंडी सांगून न थांबता त्यांच्याकडून समोर करून घ्याव्यात आणि त्यानंतरच तास कमी करावेत. दिवसा सुती कापड आणि रात्री डायपर, असा बदल केला तरी खर्च बराच उतरतो. इन्सुलिन आणि नळी बदलण्याची तारीख यांत मात्र कोणतीही काटकसर मान्य करू नये.

दिलेल्या सवलतीचा भार केअरटेकरच्या मजुरीवर टाकणे हा अन्याय आहे, कारण तिचेही घर त्याच पैशावर चालते. प्रत्येक बिलातून थोडी रक्कम बाजूला काढून सवलतीसाठी वेगळा निधी ठेवावा. ठरलेला दर, मुदत, फेरविचाराची तारीख आणि माफ केलेली थकबाकी हे सारे एका कागदावर मराठीत लिहून त्याची प्रत कुटुंबाला द्यावी.

सरकारी योजनांची माहिती नेमकी सांगावी. सत्तर वर्षे व त्यावरील व्यक्तींना आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, घरच्या केअरटेकरसाठी नव्हे, आणि हा गैरसमज आधीच दूर करावा. पासष्ट वर्षे व त्यावरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घेतल्यास महिन्याचा खर्च कमी होतो.

कधी कधी ऐपत असते, पण मुले हात आखडता घेतात, किंवा वडिलांची पेन्शन दुसरीकडेच खर्च होते. तेथे सवलत देणे म्हणजे त्या अन्यायाला हातभार लावणे होय. अशा वेळी ज्येष्ठांना एकांतात, त्यांची इच्छा विचारून, मुलांकडून निर्वाहखर्च मागता येणाऱ्या २००७ च्या निर्वाह कायद्याची माहिती द्यावी: उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही त्यांना लिहून द्यावी.

सर्व करूनही सेवा थांबवावी लागली, तर निदान पंधरा दिवस आधी सांगावे. औषधांची यादी, नळी बदलण्याची पुढची तारीख आणि कोणत्या लक्षणांवर दवाखाना गाठायचा हे लिहून द्यावे, गावातल्या आशाताईंना कल्पना द्यावी, आणि पहिल्या आठवड्यात फोन करून पाठीवर लाली किंवा जखम आहे का हे विचारावे. असल्यास बाकीचा हिशेब न काढता परिचारिकेला एकदा पाठवावे.