शरीराचं घड्याळ बिघडलंय? या चुका टाळा

आमच्या गॅलरीत एकाच रोपवाटिकेतून आणलेल्या शेवंतीच्या दोन कुंड्या. एक भरभरून फुलली, दुसरी नुसतीच पानांनी माजली. खत बदललं, पाणी कमी केलं, ढिम्म. शेवटी वर पाहिलं: ती कुंडी रात्रभर चालू राहणाऱ्या दिव्याखाली होती. शेवंतीला कळ्या धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. कुंडी हलवली आणि महिन्याभरात कळ्या दिसल्या.

झोप बिघडली की आपलंही असंच होतं. उशी बदलतो, हळदीचं दूध पितो. उजेडाकडे मात्र लक्ष जात नाही.

आपल्या पेशींत 'पिरिअड' नावाचं जनुक असतं. त्यापासून बनणारं प्रथिन साठत जातं, पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्याच जनुकाला थांबवतं. मग प्रथिन विरतं, जनुक पुन्हा कामाला लागतं. या फेरीला साधारण २४ तास लागतात, हेच शरीराचं घड्याळ. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.

गंमत अशी की बहुतेक माणसांची फेरी २४ तासांहून थोडी लांब असते. म्हणजे घड्याळ रोज जरासं मागे पडणारच. ते जुळवायचं काम सकाळचा उजेड करतो, आणि सर्वांत मोठी चूक इथेच होते: सकाळ पडदे ओढून जाते. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा काही हजार. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. उठल्यावर चहाचा कप घेऊन अर्धा तास गॅलरीत बसा. सूर्याकडे थेट मात्र बघू नका.

हाच उजेड रात्री उलटं काम करतो, घड्याळ आणखी मागे ढकलतो. सगळे मोबाइलला बोल लावतात. माझ्या मते छतावरचा झगझगीत पांढरा दिवाही तितकाच दोषी. जेवणं आटोपली की तो बंद करा, कोपऱ्यातला पिवळा दिवा पुरतो. जेवणही रात्री अकरावर ढकलू नका, कारण यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेवर चालतं आणि मेंदूचं उजेडावर. दोघांची फारकत झाली की पचन बिघडतं.

रविवारी दहापर्यंत लोळणं टाळा, सकाळचा उजेड हुकतो. झोप उणी असेल तर दुपारी वीस मिनिटं डुलकी काढा.

मेलाटोनिनची गोळी झोपेचं औषध समजून मध्यरात्री घेणारे पुष्कळ आहेत. मेलाटोनिन मुळात 'रात्र झाली' हा शरीराचा निरोप आहे, म्हणून डॉक्टरांना मात्रेइतकीच घेण्याची वेळही विचारा.

आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. हे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या माणसाला रुळायला आठवडा सहज लागतो.