काकडीचा वेल फुललाय, पण माल नाही? छाटणी आणि इथ्रेलच्या या चुका टाळा

वेल तारेला पोचलाय, ताटी पिवळ्या फुलांनी भरलीये, पण तोड्याला गेलं की क्रेट भरत नाही. अशा वेळी आधी फूल उलटून बघा. पाकळ्यांमागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी असेल तर ते मादी फूल, नुसता बारीक देठ असेल तर नर. सुरुवातीला नर फुलंच येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात दिवस मोठा आणि ऊन कडक झालं की ती आणखी वाढतात. इथेच घाईघाईने इथ्रेलची, म्हणजे मादी फुलं वाढवणाऱ्या औषधाची, बाटली उघडली जाते, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

फूल नर की मादी, हे कळी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. म्हणून इथ्रेलची पहिली फवारणी रोप दोन खऱ्या पानांवर असताना आणि दुसरी चार पानांवर. उगवताना येणारी दोन जाड दलं यात धरायची नाहीत. फुलावर आलेल्या वेलावर मारलं तर नराची मादी होत नाही, उलट कळ्या गळतात. आमच्या रानात एका हंगामात हे झालं. खालची पानं पिवळी पडली आणि दहा दिवस शेंडा जागचा हलला नाही.

प्रमाण 150 ते 200 पीपीएम, म्हणजे लिटरभर पाण्यात तेवढे मिलिग्रॅम. बाटलीवर 39 टक्के लिहिलं असेल तर एका मिलीत साधारण 390 मिलिग्रॅम इथेफॉन (इथ्रेलमधला मूळ घटक) असतं. म्हणजे 200 पीपीएमसाठी लिटरला अर्धा मिली, 15 लिटरच्या पंपाला साडेसात मिली. झाकणाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. बिनसुईची सिरिंज घ्या, हातात मोजे घाला. द्रावण केलं की लगेच मारा. इथेफॉन आम्लधर्मी पाण्यातच टिकतं. सामू (पीएच) जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात ते पंपातच फुटतं आणि ज्याने काम व्हायचं तो इथिलीन वायू उडून जातो.

फवारणीआधी बियाण्याची पिशवीही वाचा. शेडनेटमधल्या पार्थेनोकार्पिक वाणांना जवळपास सगळी मादी फुलंच येतात आणि परागीभवनाशिवाय फळ धरतं. त्यांना इथ्रेल कशाला? उघड्या रानातल्या हिमांगी किंवा फुले शुभांगी या वाणांना मात्र परागासाठी नर फुलं लागतातच. सगळा प्लॉट एकदम फवारला तर काही दिवस नर फूलच मिळत नाही. मी दर आठ-दहा ओळींमागे एक ओळ कोरी सोडतो.

वेल वाढावा म्हणून जिबरेलिक ॲसिड मारणारेही खूप आहेत. काकडीत ते नर फुलं वाढवतं, म्हणजे इथ्रेलच्या नेमकं उलट.

छाटणीत उशीर नडतो. खालच्या चार-पाच पेरांवरच्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणारे फुटवे) दोन-तीन इंचांच्या असतानाच बोटाने मोडा. हातभर वाढल्यावर कापल्या तर वेलाने त्यांना घातलेलं अन्न वाया जातं आणि खोडाला मोठी जखम होते. वरच्या फुटी मुळापासून उडवू नका, एक-दोन पानं ठेवून शेंडा खुडा. दव वाळल्याशिवाय प्लॉटमध्ये शिरू नका, ओल्या वेलातून हातानेच रोग पसरतो. पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या, व्हायरसचा संशय असलेल्या वेलाला सगळ्यात शेवटी हात लावा. तळाची म्हातारी पानं काढायची, पण एका वेळी दोन-तीनच.

फळं वाकडी किंवा एका टोकाला बारीक येत असतील तर आधी कीटकनाशक फवारणीची वेळ बघा. उघड्या रानातल्या वाणांचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. त्या वेळी कीटकनाशक मारलं की मधमाशी फिरकत नाही आणि परागीभवन अर्धवट राहतं. फवारणी संध्याकाळी घ्या.

एवढं करूनही फूल थांबलं, तर पानं बाजूला सारून बघा. मागच्या तोड्यात नजरेतून सुटलेली, पिवळी पडायला लागलेली एखादी जाड काकडी आत लटकत असते. ती बियाण्यासाठी अन्न ओढते आणि वरची पिल्लं सुकतात. तेवढी तोडा, आणि पुढचे तोडे एक दिवसाआड ठेवा.