ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला येण्याआधी प्रवर्तन असं शिका

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात मी टेस्टिंगला आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नवीन मुलं-मुली अप्रेंटिस म्हणून येतात, तेव्हा पहिले काही दिवस बहुतेक जण माझ्याच टेबलाशी असतात. फॅरेडेचा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण समोरच्या मीटरवरचा आकडा त्याच नियमातून आलाय, हे जोडता येणारे फार थोडे. हे जोडणं अवघड नाही, फक्त अभ्यास कुठून सुरू करायचा ते कुणीतरी सांगायला हवं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात एका गोष्टीपासून करा: कॉइलमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स, म्हणजे वेढ्यांच्या आतून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, *बदलला* तरच व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेचा नियम तो हाच, आणि यालाच प्रवर्तन (इंडक्शन) म्हणतात. चुंबक कितीही ताकदवान असो, तो कॉइलमध्ये नुसता पडून असेल तर हाती शून्य येतं. 1820 मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न अनेकांना पडला होता. 29 ऑगस्ट 1831 रोजी फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या कॉइल गुंडाळून प्रयोग केला. एका कॉइलला बॅटरी जोडली, दुसरीच्या बाजूला सुई ठेवली. बॅटरी जोडताक्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालू असेपर्यंत सुई स्तब्ध. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने. आजच्या ट्रान्सफॉर्मरची मूळ रचना त्या कड्यात आहे, आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर (बॅटरीसारख्या न बदलणाऱ्या करंटवर) का चालत नाही याचं उत्तरही तिथेच आहे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर देताना सूत्र लिहून दाखवण्यापेक्षा ही सुई जोडताना आणि काढतानाच का हलली, ते सांगा.

आता हा प्रयोग घरी करा, नुसता वाचू नका. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बारीक एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांमुळे पंपाच्या मोटरी भरपूर, त्यामुळे अशी दुकानंही बरीच सापडतील. पीव्हीसी पाइपच्या छोट्या तुकड्यावर हजारभर वेढे गुंडाळा. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने नीट घासा. वरून तांबं दिसतं, पण एनॅमलचा थर राहिला तर करंट जात नाही, आणि प्रयोग फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. टोकांना दोन लाल एलईडी जोडा, एकमेकांच्या उलट दिशेने. मग पाइपमधून छोटा निओडिमियम चुंबक जोरात खाली सोडा. चुंबक आत शिरताना एक एलईडी चमकतो, बाहेर पडताना दुसरा. फ्लक्स वाढतो तेव्हा व्होल्टेज एका दिशेचं, कमी होतो तेव्हा उलट दिशेचं. बदल उलटला की व्होल्टेजही उलटतं, हे असं डोळ्यांनी बघता येतं.

बरीच मुलं इथे एलईडीऐवजी साधा डिजिटल मल्टिमीटर लावतात आणि काहीच दिसत नाही म्हणून नाद सोडतात. तो मीटर सेकंदातून दोन-तीन वेळाच वाचन घेतो आणि चुंबक सेकंदाच्या शंभराव्या भागात निघून जातो. प्रयोगात चूक नसते, मीटर संथ असतो. काट्याचा गॅल्व्हानोमीटर मिळाला तर उत्तमच.

लेंझने 1834 मध्ये दिशेचा नियम मांडला: तयार झालेला करंट आपल्याला जन्म देणाऱ्या बदलाला विरोध करतो. तोच चुंबक जाड तांब्याच्या नळीतून सोडून बघा. तांबं चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक आत रेंगाळत खाली येतो. नळीच्या तांब्यात भोवऱ्यासारखे फिरणारे करंट, म्हणजे एडी करंट, त्याला अडवतात. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये (कॉइलच्या आतल्या लोखंडी गाभ्यात) हेच करंट नको असतात, म्हणून कोअर अखंड लोखंडाचा न करता पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, इन्सुलेशनचा लेप दिलेल्या पत्र्यांचा रचतात. पत्र्याच्या कडेला बर (कापताना राहिलेली खरखरीत धार) राहिला आणि दोन पत्रे एकमेकांना टेकले तर नो-लोड लॉस, म्हणजे काही लोड नसतानाही कोअरमध्ये वाया जाणारी वीज, वाढतो. तो आमच्या टेबलावर वॉटमध्ये दिसतो आणि कोअर रचणाऱ्याला बोलावणं जातं.

आकडेमोड सोपी आहे, पण हाताने करा. 500 वेढ्यांची कॉइल, फ्लक्स 0.1 सेकंदात 2 मिलिवेबरने (वेबर हे फ्लक्सचं एकक) बदलला, तर 500 गुणिले 0.002 भागिले 0.1, म्हणजे 10 व्होल्ट. हाच बदल 0.01 सेकंदात झाला तर 100 व्होल्ट. वेढे तेच, चुंबक तोच, फक्त घाई दहापट. हे उदाहरण लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

नाशिककरांना मोठं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या 210 मेगावॅटच्या संचात दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला 3000 फेरे फिरतो. सेकंदाला 50 फेरे, म्हणून 50 हर्ट्झ. कोळसा, बॉयलर, टर्बाइन हा सगळा खटाटोप शेवटी स्टेटरच्या (जनरेटरच्या स्थिर भागाच्या) कॉइलमधला फ्लक्स सतत बदलता ठेवण्यासाठी आहे.

आता टेबलाकडे या. गावोगावी खांबांवर दिसतो तो वितरण ट्रान्सफॉर्मर 11 केव्ही / 433 व्होल्टचा असतो. नवीन आलेल्याला रेशो (दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचं गुणोत्तर) विचारला की तो 11000 भागिले 433 करून 25.4 सांगतो. रेशो मीटर मात्र 44 दाखवतो. हाय व्होल्टेजची बाजू डेल्टात आहे, म्हणजे तीन फेजच्या कॉइल त्रिकोणासारख्या जोडलेल्या, तिथे एका फेजच्या वाइंडिंगवर (कॉइलवर) पूर्ण 11000 व्होल्ट येतात. लो व्होल्टेजची बाजू स्टारमध्ये आहे, म्हणजे तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं, तिथे एका फेजवर 433 भागिले वर्गमूळ 3, म्हणजे 250 येतात. 11000 भागिले 250, उत्तर 44. कोअरमधला बदलता फ्लक्स दोन्ही बाजूंच्या प्रत्येक वेढ्यात सारखंच व्होल्टेज तयार करतो. समजा वेढ्यामागे 5 व्होल्ट धरले, तर एका बाजूला 2200 वेढे आणि दुसऱ्या बाजूला 50. मीटर हे वेढे मोजतोय. वेढ्यामागे किती व्होल्ट, हा विचार एकदा अंगवळणी पडला की वाइंडिंगमधला एखादा वेढा कमी-जास्त झालेला रेशोवरूनच ओळखता येतो. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो.

यापुढचं सावकाश वाचा, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. वाइंडिंग रेझिस्टन्स मोजताना आपण डीसी सोडतो. आकडा लगेच स्थिर होत नाही, आधी जास्त दिसतो आणि हळूहळू खाली येतो. कोअरमध्ये फ्लक्स उभा राहतोय आणि तो बदल करंटला अडवतोय, म्हणून थांबावं लागतं. आकडा मिळाला की क्लिप ओढून काढायचा मोह होतो. ती ओढायची नाही. चालू करंट तोडला की कोअरमधला फ्लक्स क्षणात कोसळतो, आणि वरच्या उदाहरणात घाई दहापट झाल्यावर व्होल्टेजचं काय झालं ते पाहिलंतच. सोडलेले व्होल्ट किरकोळ असतात, पण क्लिपपाशी येणारा झटका माणसाला फेकू शकतो. दुसऱ्या बाजूच्या टर्मिनलवरही तो येतो, आणि तिथे वेढे जास्त असतील तर कितीतरी मोठा. आधी मशीनवरून करंट बंद करा, डिस्चार्ज पूर्ण झाल्याचा इशारा मिळू द्या, मगच हात लावा. तुमच्या आधीचा कुणी घाईत वेगळं करत असेल तरी तुम्ही करू नका.

प्रवर्तन खरोखर कळलंय का, याची परीक्षा मी डीव्हीडीएफ (डबल व्होल्टेज डबल फ्रिक्वेन्सी) चाचणीवर घेते. या चाचणीत वाइंडिंगला दुप्पट व्होल्टेज देतात, वेढ्या-वेढ्यांमधलं इन्सुलेशन तग धरतं का ते बघायला. पण फ्रिक्वेन्सीही दुप्पट करून 100 हर्ट्झ का ठेवतात? 50 हर्ट्झवर दुप्पट व्होल्टेज द्यायचं तर फ्लक्सही दुप्पट लागेल. कोअर तेवढा फ्लक्स पेलत नाही, संपृक्त होतो आणि करंट बेसुमार वाढतो. बदलाचा वेग दुप्पट केला की तेवढ्याच फ्लक्समध्ये दुप्पट व्होल्टेज मिळतं. 60 सेकंद ही चाचणी चालते. त्या वेळात काच-खिडकीआड उभं राहून हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मुलीला किंवा मुलाला पुढे काही शिकवायला मला फार कष्ट पडत नाहीत.

वाटेबद्दल थोडक्यात. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे. सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यासाठी सामनगाव रोडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझं मत विचाराल तर ज्यांना हाताने काम करायला आवडतं त्यांनी आधी आयटीआय करावं. कॉइल गुंडाळलेल्या माणसाला डिप्लोमाची गणितं परकी वाटत नाहीत. मुलींनी टेस्टिंगला जरूर यावं. इथे वजन उचलायला क्रेन असते, लागते ती नजर आणि शिस्त.

अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीला जाण्याआधी एखाद्या वितरण ट्रान्सफॉर्मरचा रूटीन टेस्ट रिपोर्ट मिळवा, ओळखीतल्या कुणाकडेही मिळेल. रेशो, रेझिस्टन्स, नो-लोड लॉस, लोड लॉस, डीव्हीडीएफ अशा ओळी त्यात असतात. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहा: इथे फ्लक्स बदलतोय का, कशामुळे आणि किती वेगाने. लोड लॉसच्या ओळीपाशी अडाल, कारण तिथे एक बाजू शॉर्ट करून दुसऱ्या बाजूला थोडंच व्होल्टेज देतात आणि कोअरमध्ये फ्लक्स फारच कमी असतो. तिथला लॉस मुख्यतः तांब्यातला, करंटमुळे होणारा. हा कागद सोबत घेऊन या, आपण त्यावरच बोलू.