‘वालुअद्निएक्स’ : लाटव्हियन शिकताना या चुका टाळा

लाटव्हियनमध्ये भाषाशास्त्रज्ञाला ‘वालुअद्निएक्स’ म्हणतात. ‘वालुअदा’ म्हणजे भाषा, तिला ‘-निएक्स’ प्रत्यय. लिपीत इथे नुसता ‘ओ’ दिसतो, पण अस्सल लाटव्हियन शब्दांत तो बहुधा ‘उअ’ असा उच्चारतात. ‘प्रोफेसोर्स’सारख्या उसन्या शब्दांत मात्र सरळ ‘ओ’च.

मराठी माणूस हमखास अडकतो तो विभक्तीत. आपण ‘भाषाशास्त्रज्ञ यानिस एन्द्झेलीन्स यांचं व्याकरण’ म्हणतो, म्हणजे प्रत्यय शेवटी एकदाच. लाटव्हियनमध्ये पदवी, नाव, आडनाव तिघांनाही षष्ठी लागते : ‘वालुअद्निएका यान्या एन्द्झेलीना’. पहिले दोन शब्द तसेच सोडून फक्त आडनाव बदललंत तर वाक्य लंगडं वाटतं. हे एन्द्झेलीन्स (1873–1961) म्हणजे कोशकार म्यूलेनबाख्स 1916 मध्ये वारल्यावर त्यांचा अपुरा लाटव्हियन शब्दकोश पुरा करणारे.

बाईंसाठी ‘वालुअद्निएत्से’. स्टॉकहोमला प्राध्यापक राहिलेल्या वेल्ता रूक्ये-द्राविन्या यांना पुल्लिंगी रूप लावू नका. षष्ठी अनेकवचनात ‘त्स’चा ‘च’ होतो : ‘वालुअद्निएचू’. आपल्याला हे अवघड नाही : आधी ‘चांगला’मधला च, मग ‘चार’मधला. विद्यार्थी तरीही ‘-त्सू’ लिहून मोकळे होतात.

पुल्लिंगी ‘वालुअद्निएकु’ दिसलं की घाई नको. ‘रेद्झु वालुअद्निएकु’ म्हणजे ‘मला एक भाषाशास्त्रज्ञ दिसतो’, आणि ‘वालुअद्निएकु ग्रामाता’ म्हणजे अनेक भाषाशास्त्रज्ञांचं पुस्तक. रूप एकच, अर्थ शेजारच्या शब्दावरून.

देवनागरीत पाठ करणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. षष्ठीतला शेवटचा ‘आ’ ऱ्हस्व, सप्तमीतला दीर्घ, आणि आपण दोन्ही ‘का’च लिहितो. मूळ लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ती गाळू नका.

‘-निएक्स’ रशियन ‘-निक’वरून उचलला, असंही बरेच जण ठोकून देतात. त्याचं खरं भावंड लिथुआनियनमध्ये आहे. तिथे भाषाशास्त्रज्ञ म्हणजे ‘काल्बिनिन्कास’. त्यातला व्यंजनाआधीचा ‘न’ लाटव्हियनमध्ये गळाला, जसं लिथुआनियन ‘पेन्कि’चं लाटव्हियनमध्ये ‘पिएत्सि’ झालं. ‘पेन्कि’ म्हणजे पाच. संस्कृत ‘पञ्च’चं मराठीत ‘पाच’ होताना आपणही अनुनासिक असंच सोडलं.