‘डॉमिनिकन’ म्हणजे नेमका कुठला?

रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदारांसाठी मी इंग्रजी बातम्या मराठीत करतो. एकदा घाईत ‘डॉमिनिकन केळी’चं ‘डॉमिनिकाची केळी’ करून बसलो. सावद्याहून एका काकांचा फोन आला, "भाऊ, नकाशात पाह्यलं मी. तालुक्याएवढं बेट ते, युरोपात एवढी केळी कुठून धाडीन?" काकांचं बरोबर होतं. बातमी डॉमिनिकन प्रजासत्ताकाची होती. तेव्हापासून हा शब्द आला की मी थांबतो.

आपल्याकडे ‘गोसावी आले’ म्हटलं की आडनावाचे की मठातले, हे विचारतोच ना? तसंच इथे विचारायचं. फक्त इथे उत्तरं तीन आहेत: कॅरिबियन समुद्रातले दोन वेगळे देश, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि डॉमिनिका, आणि तिसरा ख्रिस्ती साधूंचा डॉमिनिकन धर्मसंघ.

आधी आजूबाजूचे शब्द बघा. स्पॅनिश, बेसबॉल, राजधानी सांतो डोमिंगो असं काही दिसलं तर प्रजासत्ताक. इंग्रजी बोलणारे, राजधानी रोझो, वेस्ट इंडीजचं क्रिकेट असलं तर डॉमिनिका. 2023 मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणात 171 धावा केल्या, ते मैदान रोझोचंच. डॉमिनिकाचा माणूस बोलण्यात ‘डॉमिनीकन’ असा ‘नी’वर जोर देतो, त्यामुळे व्हिडिओ असेल तर कान द्या.

मग साल बघा. प्रजासत्ताक 1844 ला हैतीपासून वेगळं झालं, डॉमिनिका 1978 ला ब्रिटनपासून. तेराव्या शतकातला डॉमिनिकन म्हणजे संत डॉमिनिक यांच्या धर्मसंघातला साधू. या संघाला पोपची मान्यता 1216 ची. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच संघातले, जन्माने इटलीचे.

खरी कसोटी आंतोनिओ दे मोंतेसिनोस यांच्यासारख्या माणसापाशी लागते. 1511 साली सांतो डोमिंगोत प्रवचनाला उभं राहून त्यांनी स्पॅनिश वसाहतवाल्यांना तोंडावर विचारलं, की कुठल्या हक्काने या मूळ रहिवाशांना गुलामीत राबवता? गाव आजच्या प्रजासत्ताकाची राजधानी, माणूस मात्र स्पेनचा, आणि ‘डॉमिनिकन’ तो संघामुळे. इथे गाव बघून ‘तिथला रहिवासी’ लिहिलंत तर परक्या भूमीत आपल्याच लोकांविरुद्ध उभं राहण्याचं त्याचं धाडस मराठीत पुसलं जाईल.

लिहिताना नुसतं ‘डॉमिनिकन’ ठेवूच नका. ‘डॉमिनिकन प्रजासत्ताकातला शेतकरी’, ‘डॉमिनिका बेटावरची शिक्षिका’, ‘डॉमिनिकन संघाचे साधू’ असं लिहा. मराठीत ‘-तला’, ‘-वरची’, ‘-चे’ हाताशी आहेत, ते वापरा. मथळ्यात जागा कमी पडली, तर मथळ्यातला दुसरा कुठला तरी शब्द गाळा, हा खुलासा नको.