मुंबईचा फोर्ट पायी पाहताना या चुका टाळा

फोर्ट दाखवायला मी आजवर अनेक नातेवाइकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना घेऊन गेलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी अर्ध्या वाटेत कोणीतरी विचारतेच की, एवढे फिरलो, पण यात किल्ला कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. जुन्या पिढीतील माणसे ज्या भागाला ‘कोट’ म्हणत, त्याची तटबंदी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, पाडून टाकण्यात आली. जो भाग आज आपण पाहायला जातो तो बऱ्याच अंशी या पाडकामानंतर मोकळ्या झालेल्या जागेवर उभा राहिला. हे ठाऊक नसताना फिरणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, कारण मग प्रत्येक इमारत सुटी दिसते आणि चौथ्या-पाचव्या इमारतीपाशी लक्ष उडते.

बहुतेक लोक गेटवे ऑफ इंडियापासून सुरुवात करतात. ही वास्तू १९२४ साली पूर्ण झाली, म्हणजे फोर्टच्या गोष्टीतले ते जवळजवळ शेवटचे पान आहे. त्याऐवजी हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात करावी. ही बाग तटाच्या आतली, जुन्या गावाची मधली मोकळी जागा होती. तिच्याभोवतीच्या एकसारख्या कमानदार इमारतींचे काम १८७२ साली पुरे झाले. पूर्वेला १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, आणि पश्चिमेला १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. या चर्चकडे जाणारा तटाचा दरवाजा तो ‘चर्चगेट’. दरवाजा गेला, चर्च राहिले, आणि नाव मात्र बरेच पुढे असलेल्या रेल्वे स्थानकाला चिकटले. कॅथेड्रलसमोरून वीर नरिमन रस्त्याने पश्चिमेकडे चालत निघाले की काही मिनिटांत हुतात्मा चौक लागतो. तिथले फ्लोरा फाउंटन हे १८६४ चे कारंजे आहे ते नेमके त्या पाडलेल्या दरवाजाच्या जागी. इथे आपण तट ओलांडून बाहेर पडलो, असे सोबतच्या मुलांना सांगून पाहावे. पुढचे सगळे त्यांना आपोआप समजू लागते. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि ओव्हल मैदान हा तटाबाहेरचा, तोफांच्या माऱ्यासाठी मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा होता.

याच चौकात आणखी एक चूक घडते आणि ती मला मनापासून खटकते. लोक कारंज्याचे छायाचित्र घेतात आणि शेजारच्या हुतात्मा स्मारकाकडे पाठ फिरवून निघून जातात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर इथेच गोळीबार झाला होता. मराठी माणसाने तरी इथे दोन मिनिटे थांबावे.

वेळ चुकली की छायाचित्रे बिघडतात

‘सकाळी लवकर गेलो तरी सगळे फोटो काळे आले’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण साधे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग, एशियाटिकच्या पायऱ्या, उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा असलेला राजाबाई टॉवर यांची ओव्हलकडील बाजू, हे सारे पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य या इमारतींच्या पाठीमागे असतो. म्हणून सकाळचा वेळ सर्कलभोवतीच्या आणि बझारगेटच्या अरुंद, सावलीच्या गल्ल्यांना द्यावा आणि ओव्हलवर चारच्या पुढे यावे. तेव्हा राजाबाई टॉवरचा कुर्ल्याचा पिवळसर दगड जसा उजळतो तसा दिवसभरात इतर कोणत्याही वेळी दिसत नाही. गेटवेला जमिनीच्या बाजूने पाहायचे असेल तर तेही दुपारनंतरच पाहावे, कारण त्याच्या मागे पूर्वेचा समुद्र आहे.

वाराची निवडही विचारपूर्वक करावी लागते. रविवारी रस्ते मोकळे मिळतात आणि मान वर करून निवांत चालता येते, परंतु कचेऱ्यांतील नोकरदारांवर चालणारी अनेक खानावळी आणि इराणी हॉटेले त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे जेवणाची सोय आधीच ठरवावी. घारापुरीची लेणी त्याच दिवशी जोडायचा बेत असेल तर ती सोमवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवावे. खरे तर दोन्ही एका दिवसात कोंबूच नयेत.

प्रवेश नाकारला तर

इथल्या बहुतेक वास्तू संग्रहालये नाहीत. त्यांत आजही न्यायदान, परीक्षा, टपाल आणि रेल्वेचे काम चालते. दारावरच्या रक्षकाशी वाद घालून काही साधत नाही. उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या वास्तू मार्गदर्शकासह दाखवण्याचे उपक्रम होतात. त्यांची चौकशी आणि नोंदणी आधी करून जावे. राजाबाई टॉवरवर चढता येईल अशी आशा मुलांना दाखवू नये. अग्यारी आणि वीर नरिमन रस्त्यावरची १७२५ ची भिखा बेहराम विहीर येथे पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. बाहेरून पाहून, नमस्कार करून पुढे व्हावे. काळा घोड्याजवळच्या १८८४ च्या निळ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जायचे असेल तर ओळखपत्र जवळ असू द्यावे. टांकसाळ, रिझर्व्ह बँक आणि नौदलाची गोदी यांच्या परिसरात कॅमेरा बाहेरच काढू नये. मूळचा किल्ला, म्हणजे बॉम्बे कॅसल, नौदलाच्या हद्दीत असल्यामुळे तो पाहण्याचा हट्टही सोडावा.

पत्ता विचारतानाही घोटाळा होतो, कारण रस्त्यांना दोन-दोन नावे आहेत. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रस्ता, मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रस्ता. टॅक्सीवाल्याला रस्त्याचे नाव सांगण्यापेक्षा जवळच्या इमारतीचे नाव सांगावे. स्वतःची गाडी आणणे शक्यतो टाळावे. चर्चगेट, टर्मिनस किंवा मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक, तिन्हींपासून हा भाग चालत गाठता येतो. पावसात किंवा उन्हात दादाभाई नौरोजी रस्त्यावरची दुकानांपुढची कमानदार पडवी फार उपयोगी पडते.

‘हे सगळे इंग्रजांनी बांधले’

असे म्हणणे सोपे आहे आणि अर्धवट आहे. आराखडे अनेकदा इंग्रजांचे होते, पैसा मात्र पुष्कळ वेळा इथल्या व्यापाऱ्यांचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या काळात धनाढ्य झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या टॉवरला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. शेजारचे दीक्षान्त सभागृह कावसजी जहांगीर यांच्या नावाचे आहे. टर्मिनसचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे नाव सर्वांना माहीत असते, परंतु त्यांचे सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य यांचे नाव फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. तिथले कोरीवकाम करणाऱ्यांत जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते. हे कळण्यासाठी इमारतीकडे दुरून एकदाच पाहून चालत नाही. जवळ जाऊन स्तंभांच्या माथ्यावरची पाने, पक्षी आणि प्राणी पाहावे लागतात. टर्मिनसच्या फाटकावरचा इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ यांच्यासमोर मी तरी पाहुण्यांना सक्तीने थांबवतो.

तटबंदीचा एक उरलेला तुकडा मात्र आजही आहे. तो टर्मिनसच्या पूर्वेला, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे आणि फोर्ट जॉर्ज या नावाने ओळखला जातो. ते चालते रुग्णालय असल्यामुळे तिथे घोळक्याने जाऊ नये, रुग्णवाहिकांच्या वाटेत उभे राहू नये. एक-दोघांनी शांतपणे जाऊन, रखवालदाराला विचारून, त्या भिंतीचा काळा दगड पाहून यावे.