माळरानावरचा वणवा: या चुका टाळा

इंदूरच्या दक्षिणेला महू, सिमरोल, चोरल या पट्ट्यात ज्यांचे शेत किंवा फार्महाऊस आहे, त्यांनी गवताची आग बुटकी दिसते म्हणून ती किरकोळ समजू नये. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एप्रिलपर्यंत पानझडीचे जंगल उघडेबोडके होते, घाणेरीची झुडपे आणि गवत वाळून कडकडीत होते, आणि असे बारीक जळण पेटताक्षणी संपत असल्याने आग एका जागी न रेंगाळता वाऱ्याबरोबर पुढे धावते. ऑगस्ट 2023 मध्ये हवाई बेटांवरील लहैना शहर काही तासांत बेचिराख झाले आणि सुमारे शंभर माणसे दगावली; तेथेही घनदाट अरण्य नव्हते, बंद पडलेल्या उसाच्या मळ्यांत माजलेले परदेशी गवत आणि सोसाट्याचा वारा एवढेच पुरेसे ठरले.

हार्वेस्टरने गहू काढल्यावर उरलेली नरवाई, म्हणजे शेतातले खुंट, जाळणे मध्य प्रदेशात बेकायदा आहे, तरीही ती भर दुपारी पेटवली जाते आणि बांध ओलांडून आग टेकडीवर चढते. नरवाईचा भुसा करून घ्यावा किंवा ती रोटाव्हेटरने मातीत मिसळावी. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढणारेही बहुधा गवत कापून तेथेच पडू देतात. मग ती रेषा कसली? कचरा बाहेर ओढून पट्टा मातीपर्यंत उघडा केला पाहिजे. घराचे म्हणाल, तर ज्वाळांच्या आधी ठिणग्या येतात, म्हणून कौलांवरचा पाला आणि भिंतीलगतची चाऱ्याची गंजी आधीच हलवावी.

आग दिसल्यावर चढाकडे पळू नये, कारण उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. आगीच्या तोंडासमोर उभे राहून ती झोडपण्यापेक्षा अग्निशमन दलाला 101 वर कळवून बाजूला व्हावे, जमल्यास आधीच जळून गेलेल्या जागेकडे. अंगावर सुती कपडे असावेत; नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

ज्वाळा विझल्या म्हणजे आग विझली, असेही नाही. खोडांच्या मुळांत आणि वाळल्या शेणात निखारे धुमसत राहतात व दुसऱ्या दुपारच्या वाऱ्याने पुन्हा भडकतात. त्यामुळे कडेची राख उकरून पाणी घालावे आणि राखण ठेवावी. जळालेला उतार मात्र लगेच नांगरू नये. पहिल्या पावसात सुटी माती वाहून जाते, म्हणून जूनपूर्वी उताराला आडवे दगडी बांध घालून घ्यावेत.